पडदा आणि प्रयोग

शाळेंत विज्ञान शिकवितांना यंत्रांचें साहाय्य किती घ्यावें, हा प्रश्न आजकालचा नाहीं. मॅजिक लँटर्नच्या दिव्यानें भिंतीवर ग्रहमालेचीं चित्रें पडूं लागलीं, तेव्हांपासून तो शिक्षणाच्या पाठीशीं लागला आहे. इ. स. १९१३ मध्यें टॉमस एडिसन यांनीं असें भाकित केलें होतें कीं, शाळांतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील, ज्ञानाची प्रत्येक शाखा चित्रपटाच्या द्वारें शिकवितां येईल आणि दहा वर्षांत शाळांचें सारें रूप पालटून जाईल. दहा वर्षें आलीं आणि गेलीं. पुस्तकें दप्तरांत होतीं तेथेंच राहिलीं आणि मास्तरांच्या हातांतला खडूहि सुटला नाहीं. पुढें रेडिओ आला, टेलिव्हिजन आला, गणकयंत्र आलें आणि आतां तर मुलांच्या खिशांत मावणारा मोबाईल आला. प्रत्येक यंत्राचें स्वागत त्याच आशेनें झालें आणि कांहीं वर्षांनीं प्रत्येकाविषयीं तीच कुरकुर ऐकूं येऊं लागली कीं, मुलें पाहतात, रमतात, पण शिकत नाहींत.

या आशानिराशेच्या लांबलचक इतिहासांत एक प्रकरण मात्र बारकाईनें पाहण्यासारखें आहे. त्यांत एका नामांकित शास्त्रज्ञानें चित्रपटाच्या पडद्यापासून आरंभ केला आणि चालतां चालतां तो दाराच्या घंटेपाशीं येऊन पोंचला. तो तेथवर कसा पोंचला हें समजलें, म्हणजे यंत्राला विद्यार्थ्यासाठीं काय करतां येतें आणि काय करतां येत नाहीं, याचा बराचसा उलगडा होतो.

या शास्त्रज्ञाचें नांव जेरोल्ड झकारायस. त्यांचा जन्म १९०५ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत झाला. कोलंबिया विद्यापीठांत इसिडोर राबी यांच्याबरोबर त्यांनीं रेणूंच्या झोतांवर संशोधन केलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते प्रथम रडारच्या प्रयोगशाळेंत आणि नंतर लॉस ॲलमॉस येथें अणुबाँबच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत ते प्राध्यापक झाले. सीझियम धातूच्या अणूंवर चालणारें अत्यंत अचूक घड्याळ बाजारांत विकतां येईल इतकें आटोपशीर करण्यांत त्यांचा प्रमुख वाटा होता. युद्धकाळच्या प्रयोगशाळांनीं त्यांना एक धडा दिला होता. निरनिराळ्या विषयांचे विद्वान आणि कसबी कारागीर एका जागीं बसवून त्यांना पुरेसा पैसा आणि मोकळीक दिली, तर दुर्घट कामेंहि थोड्या काळांत पार पडतात. हीच रीत शाळेंतील शिक्षणाला लावून पाहावी, असें त्यांनीं मनांत घेतलें.

याला कारणहि तसेंच होतें. त्या काळीं अमेरिकेंतील हायस्कुलांत जें पदार्थविज्ञान शिकविलें जाई, तें पाहून या विषयांत हयात घालविलेल्या माणसांना खेद वाटे. क्रमिक पुस्तकांत मोटारीचें एंजिन, शीतकपाट, पंप, टेलिफोन यांच्या वर्णनांची दाटी झालेली असे. सूत्र पाठ करावें, त्यांत आंकडे घालावेत आणि उत्तर शेवटच्या पानाशीं ताडून पाहावें, एवढाच विद्यार्थ्याचा व्यवहार असे. विसाव्या शतकांत अणूसंबंधीं जी विचारक्रांति झाली, तिचा वास या पुस्तकांना क्वचितच लागला होता. पुस्तकांतून मुलांना यंत्रें भेटत, परंतु ज्या विचारांच्या पोटीं तीं जन्मास आलीं, ते विचार भेटत नसत. मग हायस्कुलांतील पुष्कळशीं मुलें हा विषय टाळीत, यांत नवल तें काय?

मार्च १९५६ मध्यें झकारायस यांनीं आपल्या संस्थेचे अध्यक्ष जेम्स किलियन यांना एक टिपण पाठविलें. हायस्कुलांतील पदार्थविज्ञानासाठीं प्रत्येकीं वीस मिनिटांचे नव्वद चित्रपट तयार करावेत, ही त्यांतील मुख्य सूचना होती. त्यामागचा हिशेब सरळ होता. पदार्थविज्ञान खरोखर जाणणारे शिक्षक थोडे आणि शाळा हजारों. प्रत्येक गांवीं चांगला शिक्षक पाठवितां येणार नाहीं, परंतु चित्रपटाचें रीळ पाठवितां येईल. देशांतील उत्तमोत्तम शास्त्रज्ञ पडद्यावरून बोलूं लागला, म्हणजे खेड्यांतील मुलालाहि शहरांतल्या मुलाइतकेंच ऐकावयास मिळेल. या हिशेबांत लोकशाहीची जी उदार बुद्धि आहे, तिचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. आजहि ज्या शाळेंत प्रयोगशाळेच्या नांवानें एक कुलूपबंद कपाट असतें, तेथील मुलांविषयीं विचार करतांना कोणाच्याहि मनांत हाच हिशेब प्रथम उभा राहतो.

रशियानें आकाशांत स्पुटनिक सोडला, त्या धक्क्यानें अमेरिका जागी झाली आणि शाळेंतील विज्ञान सुधारण्याच्या मागें लागली, असें सर्रास सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. स्पुटनिक उडाला तो ४ ऑक्टोबर १९५७ या दिवशीं. त्यापूर्वींच, १९५६ च्या उत्तरार्धांत, ‘फिजिकल सायन्स स्टडी कमिटी’ या नांवाचें मंडळ स्थापन होऊन नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचें साहाय्यहि त्याला मिळूं लागलें होतें. स्पुटनिकमुळें काम सुरू झालें नाहीं, मात्र त्याला पैशाचें आणि लोकमताचें भरतें आलें. सप्टेंबर १९५८ मध्यें अमेरिकन सरकारनें शिक्षणासंबंधीं जो कायदा केला, त्याच्या नांवांतच ‘राष्ट्रीय संरक्षण’ हे शब्द होते, आणि त्यान्वयें शाळांना विज्ञानाचें साहित्य विकत घेण्यासाठीं अनुदान मिळूं लागलें. ज्या देशाला शाळेंतील भिंगाची आठवण शत्रूच्या उपग्रहामुळें व्हावी, त्याविषयीं कोणी हंसेलहि. परंतु अनुदान आलें आणि कामाला लागलें, ही गोष्ट खरी.

मंडळांत शास्त्रज्ञ होते, तसे हायस्कुलांतील शिक्षकहि होते. हे लोक एकत्र बसून चित्रपटांची आंखणी करूं लागले आणि थोड्याच काळांत एका अडचणीपाशीं येऊन थबकले. चित्रपटांत काय दाखवावयाचें, हें ठरवितांना त्याच्या आधीं विद्यार्थ्याला काय ठाऊक असेल आणि त्यानंतर तो काय करील, हें ठरविणें भाग पडूं लागलें. पडद्यावर लाट दिसली, परंतु लाट म्हणजे काय हें मुलानें कोठें अनुभविलें? गोळा खालीं पडतांना दिसला, परंतु त्याचा वेग वाढत जातो हें मुलानें मापलें कोठें? चित्रपट सांगत जातो आणि मूल ऐकत बसतें. मुलाला मध्येंच शंका आली तर रीळ थांबत नाहीं, आणि मुलानें चूक केली तर ती चूक पडद्याला दिसत नाहीं. म्हणून नव्वद चित्रपटांची मूळची कल्पना बदलत गेली. पाठ्यपुस्तक लिहिणें आलें, प्रयोगांची वही आली, शिक्षकांसाठीं मार्गदर्शिका आली, नवीन परीक्षा आल्या. चित्रपट राहिले, परंतु ते आतां वरराजा नव्हते, वऱ्हाडांतले एक झाले.

सर्वांत मौजेची आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे या मंडळानें निवडलेलें प्रयोगांचें साहित्य. ज्यांनीं रडारचीं आणि अणूचीं अजस्र यंत्रें हाताळलीं होतीं, त्यांनीं शाळेसाठीं चकचकीत पितळी उपकरणें मागविलीं नाहींत. त्यांनीं दाराची विजेची घंटा घेतली. घंटेचा दांडा ठराविक गतीनें थरथरत असतो. त्याच्याखालीं कार्बन कागद ठेवला आणि त्याखालून कागदाची लांब पट्टी ओढली, तर पट्टीवर एकामागून एक ठिपके उमटत जातात. दोन ठिपक्यांमधील काळ नेहमीं सारखाच. आतां ही पट्टी चाकांच्या छोट्या गाडीला चिकटवावी आणि गाडी ढकलून द्यावी. गाडी एकसारख्या वेगानें जात असेल, तर ठिपके सारख्या अंतरावर पडतात. वेग वाढत असेल, तर ठिपक्यांतलें अंतर वाढत जातें. गाडीवर एक वीट ठेवावी, मग दोन विटा ठेवाव्यात, तेवढ्याच जोरानें ओढावी आणि ठिपके पुन्हां मोजावेत. न्यूटनचा नियम पुस्तकांतून उतरतो आणि कागदाच्या पट्टीवर ठिपक्यांच्या रूपानें मुलाच्या हातीं येतो. घंटा ज्या क्षणीं वाजावयाची थांबते, त्याच क्षणीं मुलाचें खरें काम सुरू होतें, कारण ठिपक्यांचा अर्थ घंटा सांगत नाहीं. तो त्यालाच लावावा लागतो.

अशींच दुसरीं साधनें. सोडावॉटर पिण्याच्या कागदी नळीच्या एका टोकांत स्क्रू बसवावा, मधून सुई आरपार घालून ती टेकूवर ठेवावी, कीं केसाच्या तुकड्याचें वजन दाखविणारा तराजू तयार. पुठ्ठ्याच्या गोल तबकडीला फटी पाडाव्यात आणि ती फिरवीत तींतून पाहावें, कीं वेगानें फिरणारी वस्तु जागच्या जागीं थांबल्यासारखी दिसते आणि तिच्या फेऱ्या मोजतां येतात. लाटांसाठीं कांचेच्या तळाचें पसरट तबक केलें. त्यांत बोटभर पाणी, वर दिवा आणि खालीं पांढरा कागद. पाण्यांत पट्टी हलविली कीं लाटांच्या सावल्या कागदावर सरकूं लागतात. पाण्यांत एका बाजूला कांचेचा तुकडा ठेवून तेथें पाणी उथळ केलें, तर लाट मंद होते आणि वळते. प्रकाशाचा किरण पाण्यांत शिरतांना कां वांकतो, याचें एक उत्तर मुलाला तेथें आपल्या डोळ्यांनीं दिसतें.

मग चित्रपटाला कांहींच काम उरलें नाहीं कां? उरलें, आणि तें अधिक स्पष्ट झालें. जें हातानें करतां येतें, तें पडद्यावर दाखवावयाचें नाहीं. जें कोणत्याहि शाळेला हातानें करतां येणार नाहीं, तें पडद्यानें दाखवावयाचें. या मंडळाचे दोन चित्रपट आजहि या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९६० मधला. टोरॉंटो विद्यापीठांतील पॅटरसन ह्यूम आणि डोनाल्ड आयव्ही या दोन प्राध्यापकांनीं तो सादर केला आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हां एक प्राध्यापक सरळ उभा असतो आणि दुसरा उलटा दिसतो. उलटा कोण, यावर दोघांचा वाद चालतो. कॅमेरा कोणाच्या बाजूनें उभा आहे यावर तें अवलंबून आहे, हें प्रेक्षकाच्या लक्षांत येईपर्यंत तो पुरता हंसलेला असतो. पुढें सरकत्या गाडीवरून गोळा खालीं सोडतात. गाडीबरोबर जाणाऱ्या कॅमेऱ्याला तो सरळ खालीं पडतांना दिसतो, आणि जमिनीवर स्थिर असलेल्या कॅमेऱ्याला तोच गोळा वांकड्या वाटेनें पडतांना दिसतो. दोन्हीं दर्शनें खरीं आहेत. प्रत्यक्ष गाडीवर उभें राहून आणि त्याच वेळीं खालीं उभें राहून कोणालाहि पाहतां येणार नाहीं. तें केवळ कॅमेऱ्यालाच शक्य आहे. येथें यंत्रानें डोळ्याला त्याच्या शक्तीबाहेरचें कांहीं दिलें.

दुसरा चित्रपट विल्यम बर्टोझी या शास्त्रज्ञाचा, थोड्या वर्षांनंतरचा. त्यांत इलेक्ट्रॉन हे विद्युत्कण प्रचंड वेगानें ८.४ मीटर अंतर तोडीत जातात आणि त्यांना लागलेला काळ मोजला जातो. न्यूटनच्या नियमाप्रमाणें कणाची ऊर्जा नऊ पट केली, तर त्याचा वेग तिप्पट व्हावयास हवा. प्रयोगांत ऊर्जा नऊ पट केली, तरी वेग किंचितच वाढला आणि प्रकाशाच्या वेगाच्या उंबरठ्याशीं येऊन अडखळला. मग ती दिलेली ऊर्जा कणांपर्यंत पोंचलीच नसेल काय? ही शंका कोणाहि चाणाक्ष मुलाला यावी, आणि चित्रपटानेंहि ती टाळलेली नाहीं. इलेक्ट्रॉन अल्युमिनियमच्या तबकडीवर आदळवून ती किती तापते, हें मोजलें जातें. ऊर्जा सारीच्या सारी तेथें आहे. वेगाला मात्र सीमा आहे. आइन्स्टाइन यांचें तत्त्व मुलांना केवळ सांगितलें गेलें नाहीं, त्याची साक्ष काढली गेली आणि उलटतपासणीहि झाली. असा प्रयोग शाळेच्या टेबलावर होणें शक्य नाहीं. चित्रपटाचें स्थान येथें निर्विवाद आहे.

नवा अभ्यासक्रम १९५७-५८ मध्यें प्रथम आठ शाळांतून शिकवून पाहण्यांत आला आणि मुलांच्या व शिक्षकांच्या अनुभवावरून त्यांत दुरुस्त्या झाल्या. पाठ्यपुस्तक १९६० मध्यें बाजारांत आलें. त्यांतील लाटांचीं आणि उसळत्या चेंडूचीं सुंदर छायाचित्रें बेरेनिस ॲबट या नामवंत छायाचित्रकार बाईंनीं काढलेलीं होतीं. शिक्षकांसाठीं उन्हाळी वर्ग भरले. तथापि या उद्योगाचा हिशेब लिहितांना खर्चाची बाजूहि लिहिली पाहिजे. ज्यांनीं हा अभ्यासक्रम घेतला, त्यांपैकीं अनेकांना तो आयुष्यभर पुरला. परंतु पदार्थविज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांचें प्रमाण मंडळाच्या अपेक्षेप्रमाणें वाढलें नाहीं, उलट पुढील दशकांत तें घटतच गेलें. पुस्तक पुष्कळांना जड वाटलें. शास्त्रज्ञांनीं तें आपल्यासारख्या होणाऱ्या मुलांसाठीं लिहिलें, सामान्य मुलासाठीं नव्हे, असा आक्षेप आला. तो अगदींच निराधार नव्हता. हार्वर्ड येथें दुसरा अभ्यासक्रम त्यानंतर निघाला, त्यांत विज्ञानाचा इतिहास आणि माणसें यांना जागा मिळाली. ज्या शिक्षकानें स्वतः घंटेची पट्टी ओढून पाहिली नव्हती, त्याच्या वर्गांत घंटा कपाटांतच राहिली, हेंहि अनुभवास आलें. शिक्षकाला वगळून त्याच्या डोक्यावरून विद्यार्थ्यापर्यंत पोंचण्याची जी वाट चित्रपटानें दाखविली होती, ती अखेर शिक्षकाच्याच दारावरून जाणारी निघाली.

हाच प्रश्न त्याच सुमारास भारताच्याहि दाराशीं येऊन ठेपला होता. दिल्लींत १९५९ मध्यें टेलिव्हिजन सुरू झाला आणि १९६१ मध्यें, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यानें, तेथील माध्यमिक शाळांसाठीं पाठ प्रक्षेपित होऊं लागले. त्यांत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांना प्रमुख स्थान होतें, कारण अनेक शाळांतून प्रयोगशाळा नव्हत्या आणि तयार शिक्षकहि नव्हते. झकारायस यांचाच हिशेब, फक्त रिळाच्या जागीं विद्युल्लहरी. ज्या वर्गांत शिक्षक पाठाच्या आधीं प्रस्तावना करी आणि पाठानंतर प्रश्न विचारी, तेथें तो पाठ धड्याचें अंग बने. जेथें तो खुर्चीवर बसून मुलांबरोबर नुसताच पाही, तेथें तो करमणुकीचा तास ठरे.

१९६३ पासून भारतांत शिक्षकांसाठीं उन्हाळी शिबिरें सुरू झालीं आणि त्यांतून अमेरिकन मंडळाचें पुस्तक आणि प्रयोग येथील शिक्षकांच्या ओळखीचे झाले. परंतु परक्या देशाचें साहित्य जसेंच्या तसें आणून भागणार नव्हतें. डून स्कूलमधील शिक्षक बी. जी. पित्रे आणि त्यांचे सहकारी यांनीं पदार्थविज्ञान प्रयोगांतूनच शिकविण्याची एक योजना आंखली. येथें मिळेल त्या स्वस्त साहित्यानें, मुलांनीं स्वतः प्रयोग करून, स्वतःच निष्कर्ष काढावेत, ही तिची दिशा होती. १९७० च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेच्या कांहीं शाळांतून ती चालवून पाहण्यांत आली आणि त्या कामीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं हात लावला. ज्या संस्थेंत विश्वकिरणांचा आणि अणुगर्भाचा अभ्यास चाले, तेथील माणसें नगरपालिकेच्या शाळेंत बांकावर बसून मुलांबरोबर भिंगें हाताळूं लागलीं, हें दृश्य मुंबईला भूषणावह होतें. याच वातावरणांतून १९७४ मध्यें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभें राहिलें आणि व्ही. जी. कुलकर्णी हे पदार्थवैज्ञानिक त्याचे पहिले संचालक झाले.

त्याआधीं दोन वर्षें, १९७२ मध्यें, मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं सोळा सरकारी शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणास आरंभ केला होता. मुंबईंत झालेल्या प्रयत्नाचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. तेथें चार चार मुलांची टोळी करून प्रयोग होत, परीक्षेला पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा असे आणि हातानें प्रयोग करून दाखविण्यासहि गुण असत. पुढें हें कार्य जिल्ह्याबाहेर पसरलें आणि सुमारें तीस वर्षें चाललें. २००२ मध्यें राज्य सरकारनें तें बंद केलें. या योजनेंत एक काल्पनिक व्यक्ति होती, तिचें नांव सवालीराम. मुलांनीं आपल्या मनांतील शंका पत्रानें सवालीरामला कळवाव्यात आणि सवालीरामनें उत्तर धाडावें, असा प्रघात होता. पोस्टकार्ड हेंहि एक यंत्रच म्हणावयाचें, फार जुनें आणि फार स्वस्त. परंतु पडद्याला जें साधलें नव्हतें, तें या पोस्टकार्डानें साधलें. त्यानें मुलाचा प्रश्न परत आणला.

याच काळांत एका अतिशय आधुनिक यंत्राचीहि परीक्षा झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षांत अमेरिकेचा उसना घेतलेला उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत टेलिव्हिजन पोंचविण्यांत आला. कोल्हापूरशीं नातें असलेले एकनाथ चिटणीस हे या प्रचंड कार्याचे व्यवस्थापक होते. सकाळीं शाळकरी मुलांसाठीं चार भाषांतून, प्रत्येकीं साडेबावीस मिनिटांचा, कार्यक्रम असे आणि त्यांत विज्ञानाला महत्त्वाचें स्थान होतें. जाळीच्या तबकडीखालीं, ज्या खेड्यांत कित्येकदां पक्का रस्ताहि नव्हता, तेथें मुलें आकाशांतून आलेला धडा पाहत. मात्र योजकांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. मुलांच्या बरोबरीनें त्यांनीं हजारों प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचें शिक्षण दिलें, आणि तें देतांना केवळ पडद्यावर भिस्त ठेवली नाहीं. टेलिव्हिजनवर प्रयोग दाखविला, रेडिओवर त्याची चर्चा केली, आणि शिक्षकांच्या हातीं साहित्य देऊन तोच प्रयोग त्यांच्याकडून करून घेतला. वर्ष संपलें, ठरल्याप्रमाणें उपग्रह परत गेला आणि सकाळचे पडदे काळवंडले. ज्या शिक्षकांनीं स्वतःच्या हातानें प्रयोग केला होता, त्यांच्यापाशीं मात्र कांहीं शिल्लक राहिलें.

१९५६ पासूनचा हा सारा इतिहास एका साध्या गोष्टीकडे बोट दाखवितो. यंत्रानें मुलाचें लक्ष वेधणें सोपें आहे. त्या लक्षाचें पुढें काय होतें, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. डोळ्यानें पाहिलेलें हाताला दिलें गेलें आणि हातानें केलेलें जिभेवर प्रश्न होऊन आलें, तर शिक्षण झालें. नाहीं तर पडदा कितीहि मोठा असो, प्रयोग तो दुसऱ्याचाच.

म्हणूनच मुलांच्या खिशांतील मोबाईलविषयीं जो वाद घरोघर चालू आहे, त्याचा निकाल ‘द्यावा’ किंवा ‘देऊं नये’ एवढ्यावर लागणार नाहीं. २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां तोच लहानसा पडदा कित्येक मुलांची शाळा झाला, आणि पडद्यावरचें विज्ञान पाहतां पाहतां मुलें कशीं पेंगुळतात, हें आईबापांनीं प्रत्यक्ष पाहिलें. परंतु याच मोबाईलच्या पोटांत वेगांतील बदल, चुंबकाचा ओढा, आवाज आणि प्रकाश यांना मापणारीं सूक्ष्म उपकरणें असतात. जर्मनींतील आखेन येथील पदार्थवैज्ञानिकांनीं २०१६ मध्यें ‘फायफॉक्स’ नांवाची एक विनामूल्य योजना मोबाईलसाठीं तयार केली. तिच्या योगानें हीं उपकरणें विद्यार्थ्याच्या प्रयोगासाठीं मोकळीं होतात. फुग्याला एक वजन बांधून तें सव्वा मीटर उंचीवर धरावें, खालीं मोबाईल ठेवावा आणि टांचणीनें फुगा फोडावा. फुगा फुटल्याचा आवाज आणि वजन जमिनीवर आपटल्याचा आवाज, या दोहोंमधील काळ मोबाईल मोजतो. तो सुमारें अर्धा सेकंद येतो. उंची चौपट केली तर काळ किती येईल? चौपट कीं दुप्पट? उत्तर मोबाईलला विचारण्यापूर्वीं मुलानें आपला अंदाज वहींत लिहिला, आणि मग शिडीवर चढून दुसरा फुगा फोडला, तर तोच मोबाईल दाराची घंटा होतो. त्याच मुलानें हाच प्रयोग दुसऱ्या कोणी करतांना त्याच पडद्यावर नुसता पाहिला, तर एडिसन यांचा चित्रपटच लहान होऊन त्याच्या तळहातावर आला, एवढेंच.

फुग्यांची किंमत थोडी, शिडी शेजाऱ्यांकडे मिळते. दुर्मिळ आहे तें एवढेंच कीं, फुगा फुटल्यावर ‘आतां सांग, असें कां झालें?’ असें विचारून उत्तराची वाट पाहणारें कोणी तरी माणूस जवळ असावें. आजवरच्या कोणत्याहि यंत्रानें त्या माणसाची जागा भरून काढलेली नाहीं, आणि झकारायस यांच्यासारख्या यंत्रांच्या जाणकाराला नव्वद चित्रपटांची आंखणी करतां करतां हेंच उमगलें होतें.